अर्धवट उतरलेलं पान

दिवसाचा बराचसा वेळ हा माणूस लोकांच्या डोक्यावर बसलेला असायचा, आणि तरी कुणाच्या अध्यात ना मध्यात. टॉवर क्रेन चालवायचं त्याचं काम. सकाळी शिडी चढून एकदा त्या काचेच्या खोक्यात जाऊन बसला की संध्याकाळपर्यंत खाली उतरायचा नाही. डबा वर, पाणी वर, थंडी वाजली तर घालायचा स्वेटर वर, आणि बाकीच्या गोष्टींची सोय काय, हे चारचौघांत विचारायचं नसतं. खालून सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगायचा, घ्या वर, डावीकडे, अजून थोडं, बास. हा उत्तरादाखल एक हुंकार द्यायचा. गर्डर असो नाहीतर काँक्रीटची बादली, हुंकार तोच.

वर एकटं बसून बसून बोलायची सवय मोडते, असं तो सांगायचा. मोडायला ती आधी लागलेली असावी लागते, हे वेगळं. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा तो इतका गप्प होता की सासऱ्यांनी मुलगा मुका तर नाही ना, अशी बाहेर चौकशी केली. शेवटी त्यालाच विचारलं. तो "नाही" म्हणाला, आणि तेवढ्यावर लग्न झालं.

क्रेनच्या धंद्यात कंटाळा येतो तो वाऱ्याचा. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की केबिनमधला भोंगा वाजतो आणि काम थांबतं. पण खाली उतरायचं नाही, कारण वारा केव्हा पडेल याचा नेम नाही. मग बसून राहायचं. खालचे लोक चहा पितात, पत्ते खेळतात, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, आणि वर हा आपला बोटं मोडत बसलेला.

म्हणून लेकीनं जेव्हा स्वतःसाठी नवं यंत्र घेतलं आणि जुनं बापाला आणून दिलं, तेव्हा त्यानं ते पहिल्यांदा नको नको म्हटलं आणि मग खिशात घातलं ते कायमचंच. तळहाताएवढा कॉम्प्युटर, राखाडी-हिरवट काच, टोचून टोचून चालवायला एक प्लॅस्टिकची काडी. लेक परगावी नोकरीला. एका सुट्टीत बसून तिनं सगळं जुळवून दिलं. हे यंत्र स्वतः इंटरनेटवर जात नाही, तिनं समजावलं. सकाळी घरच्या कॉम्प्युटरशेजारच्या स्टँडमध्ये ते बसवायचं, बटण दाबायचं, की कॉम्प्युटर ठरवून दिलेल्या वेबसाइटची पानं गोळा करून यात भरतो. मग दिवसभर कुठंही न्या आणि वाचा. आणखीही बरंच काही तिनं सांगितलं, त्यातलं निम्मं यानं मान हलवत हलवत सोडून दिलं. त्या स्टँडला घरात पाळणा नाव पडलं. रोज सकाळी दाढी करण्याआधी हा यंत्राला पाळण्यात घालायचा, टेलिफोनची तार किंचाळायची, आणि दाढी होईपर्यंत सगळं जग त्याच्या खिशात मावेल एवढं होऊन बसलेलं असायचं.

जग सकाळचं, एवढाच काय तो दोष. दुपारी वारा सुटला की तो एकेक बातमी वाचायचा, आणि फारच रंगात आला तर वॉकीटॉकीवर खाली सांगायचा की अमके मंत्री राजीनामा देणार म्हणे. सिग्नलवाला उभा असायचा तिथल्या चहाच्या टपरीवर रेडिओ होता. तो सांगायचा, "काका, त्यांनी दिला, परत घेतला, आता चहा पितायत." याला काही वाईट वाटायचं नाही. शिळं असलं तरी वाचायला मजा येते, आणि तावातावानं भांडणारी माणसं आतापर्यंत थंड झाली असतील या विचारानं तर अधिकच येते.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान. तुटलेल्या चेन, निसटलेले रनर, उसवलेले पट्टे, चाकं गेलेल्या सुटकेसी. हात असा की बॅग दुकानात ठेवतानाच तिला कळायचं, मालक हात धरून ओढतो की पट्टा धरून. आणि बोलायची. गिऱ्हाइकाशी, बॅगेशी, शिवणयंत्राशी. कॉम्प्युटरही तिच्याच खोलीत होता. दूरवरच्या कारखान्यांतून रनर मागवायचे तर तो लागायचा. लेकीनं तिच्यासाठी दुकानाचं एक पान बनवून इंटरनेटवर टाकलं होतं: दुकान कधी उघडं, काय काय दुरुस्त होतं, किती दिवस लागतात. बापाच्या यंत्रात भरायच्या वेबसाइटच्या यादीत लेकीनं हवा, बातम्या आणि बसगाड्या घातल्या, आणि सगळ्यात शेवटी आईचं हे पान घातलं. बाबांना तेवढंच बरं वाटेल म्हणून. शिवाय कॉम्प्युटरला सांगून ठेवलं की नुसतं पान आणायचं नाही, त्या पानावरून जी दुसरी पानं उघडतात तीही आणायची.

लेकीला ठाऊक नव्हतं की ती गेल्यावर आईनं त्या पानाच्या तळाशी स्वतः शिकून एक ओळ जोडली होती.

एके दिवशी वारा पडायचं नाव घेईना. हवा वाचून झाली, बातम्या झाल्या, बसचं वेळापत्रकही वाचून झालं. मग त्यानं बायकोच्या दुकानाचं पान उघडलं, उघडं असण्याच्या वेळा वाचल्या, जणू त्याला माहीतच नव्हत्या, आणि तळाशी अधोरेखित शब्द दिसले म्हणून काडी टोचली. एरवी अशा ठिकाणी टोचलं की यंत्र हे पान माझ्याकडे नाही म्हणून हात झटकायचं. या वेळी पान उघडलं. वर लिहिलं होतं, ‘दुकान बंद झाल्यावर’.

रोज दुकान बंद झालं की ती कॉम्प्युटरसमोर बसायची हे त्याला माहीत होतं. रनर मागवत असेल, असं तो समजून चालला होता. ती लिहीत होती. आज कुणाची पर्स आली, ती इतकी कोंबून भरलेली की रनरचा जीव गेला. कोण स्वतःचीच बॅग ओळखेना आणि शेजारची घेऊन निघाला. आणि मधूनमधून एक माणूस यायचा, त्याला ती ‘वरचे’ म्हणायची. ‘वरचे आज आले, जेवले, म्हणाले वारा होता. मुलाखत संपली.’

त्याचे कान गरम झाले. तरी तो वाचत गेला. नवं ती खाली लिहायची. इतर लोक म्हणे अशा पानावर नवं वर लिहितात, पण तिला ते पटायचं नाही, गोष्ट कुणी शेवटाकडून सांगतं का, असं तिनं एका ठिकाणी लिहूनच टाकलं होतं. त्यामुळे हा पहिल्यापासून वाचत गेला आणि लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण कुणाच्या घरात राहतो हे त्याला हळूहळू कळायला लागलं. वाचणारेही थोडेफार होते. कुणी परदेशातला बॅगवाला, कुणी शिवणकाम करणाऱ्या बायका. एका बाईंनी तर खाली अभिप्राय लिहिला होता की तुम्ही वरच्यावर इतकी श्रद्धा ठेवून आहात, वाचून फार बरं वाटलं. हे वाचून तो केबिनमध्ये एकटाच इतका हसला की खालून सिग्नलवाल्यानं विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना.

घरी गेल्यावर सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सांगितलं की ती सावध होईल. आपण वाचणार म्हणून लिहील, आणि मग त्यात काय राम राहिला? हे त्यानं स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं की त्याला ते फार आवडायला लागलं होतं. बायकोचा आवाज रोज खिशातून वर न्यायचा आणि वाऱ्याची वाट बघायची, यासारखं सुख नाही. पूर्वी भोंगा वाजला की तो करवादायचा. आता भोंग्याकडे आशेनं बघायला लागला.

शिवाय फायदेही होते. तिनं लिहिलं की दुकानातला दिवा मंद आहे, काळा धागा आणि निळा धागा ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी हा नवा बल्ब घेऊन आला आणि न बोलता लावून मोकळा झाला. तिनं लिहिलं की मोठी कात्री बोथट झालीय. यानं ती धार लावून आणली. तिनं लिहिलं की किती दिवसांत तळ्याकाठी जाऊन नुसतं बसलो नाही. सुट्टीच्या दिवशी हा चप्पल घालून उभा राहिला आणि म्हणाला, चल, तळ्याकडे जाऊ. दुसऱ्या दिवशी पानावर लगेच आलं: ‘वरचे मनकवडे झालेत. इतकी वर्षं काय करत होते कोण जाणे.’ वाचून तो स्वतःवर असा काही खूश झाला की त्या दिवशी त्यानं सिग्नलवाल्याला हुंकाराऐवजी चक्क "बरं" म्हटलं.

असं सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी पाळण्यातून पान आलं, आणि दुपारी भोंगा वाजल्यावर त्यानं ते उघडलं.

‘आज एक आजोबा बॅग घ्यायला आले,’ तिनं लिहिलं होतं, ‘आणि बॅग घेऊनही बसूनच राहिले. घरी बोलायला कुणी नाही म्हणाले. मी मनात म्हटलं, माझ्या घरी आहे, पण फरक काय? लग्न झाल्यापासून मी वाट बघतेय की हा माणूस एकदा तरी घरी येऊन, मी न विचारता, आपणहून काहीतरी सांगेल. बल्ब आणतात, कात्री आणतात. सगळं आणतात, शब्द तेवढा आणत नाहीत. आज मी ठरवलंय, की’

बस. पुढं काही नाही. त्यानं खाली जायचं बटण दाबलं, परत दाबलं. बाटलीत तळाशी काही उरलंय का बघावं तसं यंत्र हलवून पाहिलं. पान तिथंच संपलं होतं.

आता तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, काहीतरी बिघाड असेल. याच्या मनात ते आलंच नाही. यंत्रावर त्याचा फार विश्वास, क्रेनवाल्यांचा असतोच. यंत्र जे दाखवतं तेवढंच असतं, असं समजून काम केलं तरच खालची माणसं जिवंत राहतात. तेव्हा त्याला दिसलं ते असं, की ती लिहायला बसली, ‘आज मी ठरवलंय, की’ इथपर्यंत आली, आणि जे ठरवलं होतं ते तिच्यानं लिहवेना, म्हणून उठून गेली. सगळ्या गोष्टींवर लिहिणाऱ्या बाईला जे लिहवत नाही, ते काय असेल? वारा पडला, भोंगा थांबला, तो काम करू लागला, पण त्या ‘की’च्या पुढं त्याचं डोकं सरकेना. बहिणीकडे जाऊन राहायचं ठरवलं असेल. लेकीकडे जायचं ठरवलं असेल. लेक कधीपासून आईला बोलावत होती.

संध्याकाळी तो घरी आला तर दारातच एक भली मोठी निळी सुटकेस. उभी, चेन लावलेली, जायला तयार.

तो उंबऱ्यावरच थबकला. आतून बायको म्हणाली की ती जरा बाजूला सरकवा हो, सकाळी न्यायला येणार आहेत. कोण न्यायला येणार, त्यानं विचारलं. ज्यांची आहे ते, ती म्हणाली, दुसरं कोण? त्याचा जीव भांड्यात पडला. दुकान बॅगांचं, घरात बारा महिने सुटकेसी उभ्या असतात, आणि आपल्याला आजच त्यांची भीती वाटावी, याची त्याला लाज वाटली. पण जीव पडला तो अर्धाच. ‘की’ होताच.

जेवताना त्यानं ठरवलं की आज बोलायचं. घास खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "आज वारा होता."

"हो का," ती म्हणाली.

हे ‘हो का’ तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. त्यात विचारणं कधीच संपून गेलंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाळण्यातून यंत्र उचललं आणि शिडी चढायच्या आधीच, खाली उभं राहून, पान उघडलं. तेच. ‘आज मी ठरवलंय, की’. म्हणजे काल ती कॉम्प्युटरसमोर बसली ती रनर मागवायलाच, लिहायला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. एरवी सुई टोचली तरी लिहिणारी बाई गप्प झाली होती. घरात ती नेहमीसारखीच वावरत होती, हसत होती, गिऱ्हाइकांना झापत होती. पण घरातली ती त्याला पुरेनाशी झाली होती. दोन्ही मिळून एक बाई होते, आणि त्यातली निम्मी निघून गेलीय, असं त्याला वाटत राहिलं. इतकी वर्षं आपण गप्प बसलो तेव्हा तिला असंच वाटलं असेल का, हेही त्याच्या मनात आलं. हा विचार काही त्याला आवडला नाही, पण वर दुसरं काही वाचायला नव्हतं.

शेवटी त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. दुपारी वॉकीटॉकीवर सिग्नलवाल्याला विचारलं की तू घरी गेल्यावर बायकोशी बोलतोस काय. सिग्नलवाल्याला आधी वाटलं, आपलं काही चुकलं. मग तो खुलला. सगळं सांगतो म्हणाला, कोण कुणाला काय बोललं, मुकादम कुणावर उखडला, जेवणात काय होतं. आताशा बायकोच म्हणते, पुरे करा.

"पण सुरुवात कुठून करतोस?"

"सुरुवात कसली, काका? जे बघितलं ते सांगायचं. आणि तुम्हाला तर वरून सगळंच दिसतं."

त्या संध्याकाळी तो घरी आला. हातपाय न धुता थेट दुकानात गेला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. बायको शिवणयंत्रावर एका दप्तराचा पट्टा शिवत होती. काही हवंय का, तिनं मान वर न करता विचारलं.

"आज वारा नव्हता," तो म्हणाला.

यंत्र थांबलं. तिनं मान वर करून पाहिलं.

तेवढ्यानं त्याला जरा धीर आला. मग तो जे सुचेल ते सांगत सुटला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ व्यायाम करतात, बायको बघायला आली की जोरात करतात, ती गेली की पाण्याच्या टाकीला टेकून बसतात. पत्र्याच्या शेडवर एक मांजर आहे, ते ऊन सरकेल तसं सरकतं, पण कधी उठून सरकत नाही, लोळत लोळत सरकतं. एक मुलगी जिन्यात बसून अभ्यास करते आणि पानं उलटण्याच्या वेगावरून तिला काही येत नसावं. बोलता बोलता तो अडखळायचा, मधला शब्द शोधायला छताकडे बघायचा, मांजर मधेच सोडून मुलीकडे यायचा आणि परत मांजराकडे जायचा. बायकोचा हात दप्तरावर होता तिथंच राहिला.

"आणि आपलं घर दिसतं," तो म्हणाला. "या इमारतीचं काम लागल्यापासून. मागचं दार. दुपारी तू येतेस, कापड झटकतेस, धाग्याचे तुकडे उडतात. मग दोन मिनिटं उगाच उभी राहतेस, कमरेवर हात ठेवून. त्या वेळी मी काम थांबवतो."

"थांबवता म्हणजे?"

"खाली सांगतो, वारा आहे. तू आत गेलीस की सांगतो, पडला."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तिनं पदरानं चष्मा पुसला, जो काही मळलेला नव्हता.

"इतके दिवस? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तूच होतीस ना तिथं," तो म्हणाला. "तू काय करतेस ते तुलाच काय सांगायचं?"

यावर बायकोनं कपाळाला हात लावला. पण हसूही येत होतं तिला, आणि डोळेही भरले होते, आणि दोन्ही एकदम आवरताना तिची तारांबळ उडाली. मग तिला शंका आली. एवढा शहाणपणा आजच का सुचला, तिनं विचारलं. कुणी काही बोललं का? डॉक्टरकडे गेला होतात का?

त्यानं खिशातून यंत्र काढलं आणि टेबलावर, रनरच्या डब्याशेजारी ठेवलं. सांगून टाकलं की मी ‘दुकान बंद झाल्यावर’ वाचतो. रोज. पहिल्यापासून.

तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ती मनातल्या मनात एकेक नोंद आठवत होती हे त्याला दिसत होतं, आणि कुठल्या नोंदीशी पोचली तेही.

"बल्ब?" तिनं विचारलं.

"हो."

"कात्री?"

"हो."

"आणि तळं?"

"तेही."

"आणि मी सगळ्या जगाला सांगत सुटले, मनकवडे झालेत म्हणून."

तो खाली मान घालून बसला. ती चिडणार, असं त्याला वाटलं, आणि थोडी चिडलीही. दुसऱ्याचं वाचताना विचारायची पद्धत असते, असं तिनं ऐकवलं. मग स्वतःच म्हणाली की सगळ्या जगाला दाखवलेलं पान नवऱ्यापासून तेवढं लपवायचं, हेही जरा अतिच झालं. मग उठून पाणी पिऊन आली. मगच त्याला विचारायचा धीर झाला.

"तू काय ठरवलंयस?"

"कशाचं?"

त्यानं यंत्र उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं काडीनं पान सरकवलं, शेवटापर्यंत आली, आणि तिला काही उलगडेना. मग उलगडलं. अहो, इथं थोडंच संपलंय, ती म्हणाली. लेकीनं देताना सांगितलं नव्हतं का, या यंत्रात जागा कमी, म्हणून प्रत्येक पान ठरावीक लांबीपर्यंतच आणायचं असं तिनं ठरवून ठेवलंय, त्यापुढचं ते सोडून देतं? मी खाली खाली लिहीत गेले, पान लांबत गेलं, आणि त्या दिवशी लांबी संपली. तुम्ही तेव्हा मान हलवत होतात. मला वाटलं, ऐकताय.

म्हणजे ती उठून गेलीच नव्हती. तिनं कॉम्प्युटर चालू केला, पान उघडून सरकवलं, आणि त्या ‘की’च्या पुढं ओळी होत्या. त्यांच्याही खाली पुढच्या दिवसांचं होतं, निळ्या सुटकेसबद्दलही होतं, वरचे ती बघून दारात असे काही दचकले की जणू आत साप आहे. त्याची नजर ‘की’कडे धावली. तिनं पडद्यावर हात ठेवला.

"थांबा. मीच वाचते," ती म्हणाली, आणि तिनं वाचलं.

"आज मी ठरवलंय, की आता वाट बघायची नाही. काही माणसं बोलून सोबत करतात, काही नुसती घरी येऊन. वरचे रोज घरी येतात. एवढी शिडी उतरून, धडधाकट. मला तेवढं पुरतं. शब्दासाठी आता त्यांच्या मागं लागणार नाही, मनातसुद्धा. आहेत तसे बरे आहेत."

तो ऐकत होता. पहिल्यांदा त्याला नुसतं हायसं वाटलं, इतकं की स्टुलावर बसल्या बसल्या त्याचे खांदे खाली आले. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की यंत्रानं एवढ्या चार ओळी जास्त आणल्या असत्या, तर त्या दुपारी केबिनमध्ये त्यानं त्या वाचल्या असत्या, समाधानानं यंत्र खिशात घातलं असतं, घरी येऊन जेवताना वारा होता म्हणाला असता, आणि झोपला असता. त्या दिवशीही, आणि पुढं कायमच. तिनं वाट बघणं सोडलं होतं, आणि ते त्याला चांगली बातमी वाटली असती.

ती पडद्याकडे बघत होती.

"आता हे खोटं झालं," ती म्हणाली. "पुसायला हवं."

"राहू दे की," तो म्हणाला. "मी परत गप्प झालो तर उपयोगी पडेल."

"होऊन तर बघा."

आणि तिनं त्या दिवसाच्या मजकुराच्या शेवटापासून पुसायला घेतलं. एकेक अक्षर मागं जात होतं. ‘बरे आहेत’ गेलं, ‘मनातसुद्धा’ गेलं, शिडी गेली, घरी येणं गेलं, वाट गेली. ‘आज मी ठरवलंय, की’ इथं येऊन ती थांबली. तिनं खुर्ची पुढं ओढली, बोटं अक्षरांवर ठेवली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हं. बोला."